दान द्यावे, पण खरे सांगून द्यावे

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी मंडळातील एकीने चार शब्द बोलावेत असा आपला रिवाज आहे. कोणी बचतीवर बोलल्या, कोणी मुलींच्या शिक्षणावर, कोणी सकस आहारावर. यंदा चिटणीसबाईंनी माझे नाव घातले. मी सातवी शिकलेली, घरसंसार सांभाळणारी बाई. मोठमोठे शब्द मला येत नाहीत. परंतु मी घेतलेला विषय आता घराच्या उंबरठ्यापर्यंत येऊन पोचला आहे, म्हणून तो घरच्या भाषेत बोलता येईल असे वाटले. विषय असा की, एका माणसाचा अवयव दुसऱ्याला बसविताना त्याबरोबर रोगाचा विषाणूही जाऊ शकतो काय? आणि जात असेल, तर तो अडविण्यात आपणा बायकांचा काही हात आहे काय?

मंडळाने यंदा नेत्रदान आणि अवयवदान यांचे अर्ज घरोघर नेण्याचा ठराव केला. त्या दिवसापासून दोन तऱ्हेचे बोलणे माझ्या कानावर येते. काही जणी म्हणतात, “आपण पुण्य करायला जावे आणि दुसऱ्याच्या घरी रोग पोचवावा, असे तर होणार नाही ना?” दुसऱ्या म्हणतात, “डॉक्टर सगळे तपासून घेतात, आपण कशाला काळजी करायची?” भगिनींनो, ही दोन्ही बोलणी अर्धी खरी आहेत. रोग जाऊ शकतो हे खरे, पण क्वचित. डॉक्टर तपासतात हेही खरे, पण सगळेच तपासणीत सापडत नाही. मधली जी जागा राहते, ती घरच्या माणसांच्या खऱ्या बोलण्यानेच भरते. एवढीच एक गोष्ट मला आज सांगायची आहे.

विषाणू म्हणजे इतका बारीक जीव की साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाही. तो आपल्या बळावर वाढत नाही. जिवंत पेशीत शिरतो आणि तेथे आपली वीण वाढवितो. आता मूत्रपिंड, म्हणजे आपण ज्याला किडनी म्हणतो ते, किंवा यकृत, म्हणजे लिव्हर, दुसऱ्याला बसवायचे तर ते जिवंतच बसवावे लागते. भांडे उकळून घ्यावे तसे ते उकळून घेता येत नाही. म्हणून देणाऱ्याच्या अंगात विषाणू असला तर त्याला अवयवाबरोबर जायला वाट मिळते.

दुसरी अडचण घेणाऱ्याच्या अंगाची. परके काही आत आले की त्याच्याशी भांडायचे, हा शरीराचा स्वभावच आहे. नव्या किडनीशीही ते भांडते. म्हणून रोग्याला औषधे देऊन शरीराची ती ताकद मुद्दाम मंद ठेवतात, आणि ती औषधे अवयव चालतो आहे तोवर घ्यावी लागतात. धान कापणीला आले असताना राखणदारालाच गुंगी आणावी, तशातली ही गोष्ट आहे. मग एरवी जे जनावर बांधावरून परत गेले असते तेही आत शिरते. सायटोमेगॅलो नावाचा एक विषाणू आहे. तो आपल्या देशातील बहुतेक मोठ्या माणसांच्या अंगात गुपचूप पडून असतो आणि धडधाकट माणसाला काही त्रास देत नाही. पण नवी किडनी बसविलेल्या माणसात तो जागा झाला तर ताप येतो, फुप्फुसाला, आतड्याला इजा होते. म्हणून डॉक्टर पहिले काही महिने त्यावर नजर ठेवतात आणि लागेल तसे औषध देतात. म्हणजे विषाणू असणे आणि त्यापासून घात होणे यांत फरक आहे. आधी ठाऊक असले तर पुष्कळ वेळा उपाय करता येतो. न ठाऊक असलेलाच घात करतो.

आता तपासणीविषयी. अवयव घेण्यापूर्वी दात्याच्या रक्तातून एचआयव्ही, काविळीचे बी आणि सी हे विषाणू आणि आणखी काही गोष्टी तपासतात. मग चूक कोठे राहते? आपण रात्री दुधाला विरजण लावतो. लावल्याबरोबर कोणी भांडे पाहिले तर ते म्हणेल, हे दूधच आहे. ते खोटे बोलत नाही, पण आत दही होण्याचे काम सुरू झालेले असते. तसाच विषाणू अंगात शिरल्यावर काही दिवस तपासणीत दिसत नाही. जुन्या पद्धतीच्या तपासणीत हे दिवस अधिक असतात, ‘नॅट’ नावाच्या नव्या तपासणीत कमी असतात, पण अगदी नाहीसे होत नाहीत. अमेरिकेत शिकागो येथे २००७ साली एका दात्याचे अवयव चार जणांना बसविले होते. तपासणीत दाता निर्दोष निघाला होता. काही महिन्यांनी त्या चौघांतही एचआयव्ही आणि काविळीचा सी विषाणू असे दोन्ही सापडले. दात्याला लागण नुकतीच झाली होती, विरजण नुकतेच लागले होते.

आणि काही विषाणूंची तपासणी नेहमीच्या यादीत नसतेच. त्यांतला सर्वांत भयंकर आपल्या गावातल्या गल्लीबोळांतून हिंडतो. तो म्हणजे पिसाळलेल्या कुत्र्याचा, रेबीजचा विषाणू.

डोळ्याच्या बुबुळावर काचेसारखा पारदर्शक पडदा असतो. नेत्रदानात मुख्यतः तोच बसवितात. त्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून रक्तातून जाणारे रोग त्यातून सहसा जात नाहीत, आणि म्हणूनच नेत्रदान हे फार सुरक्षित दान मानले जाते. परंतु रेबीजचा विषाणू रक्तातून चालत नाही. तो मज्जातंतूंतून मेंदूकडे आणि मेंदूकडून डोळ्यांपर्यंत जातो. बुबुळातून रेबीज गेल्याची जगात जी उदाहरणे पक्की नोंदली गेली, ती आठ आहेत. अमेरिकेत एक, फ्रान्समध्ये एक, थायलंडमध्ये दोन, इराणमध्ये दोन आणि आपल्या भारतात दोन. पहिले अमेरिकेतले, १९७८ सालचे. आपल्या देशातील दोघांची हकीगत ‘लॅन्सेट’ या इंग्लंडच्या वैद्यकीय साप्ताहिकात १९८८ साली छापून आली. एकाच दात्याचे दोन डोळे दोघांना बसविले आणि दोघेही रेबीजने गेले. जगभर लाखो लोकांना अशा दानाने दृष्टी आली, त्यांत ही आठ उदाहरणे. म्हणून भिऊन नेत्रदान सोडावे असे मी म्हणत नाही. त्या आठांवरून शिकून नेत्रपेढ्यांनी नियम कडक केले. ज्याचा मृत्यू रेबीजने किंवा मेंदूच्या न कळलेल्या आजाराने झाला, त्याचे डोळे घेत नाहीत. पण मृत्यूपूर्वी काय काय झाले होते, हे नेत्रपेढीला सांगणार कोण? घरचीच माणसे.

मोठ्या अवयवांची गोष्ट ऐका. अमेरिकेतील टेक्सास राज्यात २००४ साली एका दात्याचे यकृत, दोन्ही मूत्रपिंडे आणि एक रक्तवाहिनी अशी चार जणांना बसविली. चौघेही रेबीजने दगावले. पुढे चौकशी झाली तेव्हा कळले की, आपल्याला वटवाघूळ चावल्याचे त्या दात्याने आपल्या ओळखीच्या लोकांना सांगितले होते. नंतर २०१३ साली मेरीलँड राज्यात एक मनुष्य किडनी बसविल्यावर दीड वर्षाने रेबीजने गेला. तेथे रॅकून नावाचे मांजराहून थोडे मोठे रानटी जनावर असते, ते दात्याला दोनदा चावले होते आणि त्यावर औषधपाणी झाले नव्हते. हे घरच्यांकडून कळले, पण माणूस गेल्यावर. त्याच दात्याचे अवयव मिळालेल्या दुसऱ्या तिघांना ताबडतोब लस दिली आणि ते तिघे वाचले.

भगिनींनो, या दोन्ही हकीगतींत यंत्राला जे कळले नाही ते कोणाला तरी ठाऊक होते. चावल्याची गोष्ट चारचौघांत बोलली गेली होती, फक्त ती वेळेवर डॉक्टरांपर्यंत पोचली नाही.

तिसरी हकीगत जर्मनीची, पण तिचे मूळ आपल्या देशात आहे. २००४ सालच्या ऑक्टोबरात एक जर्मन तरुणी भारतात फिरून गेली. घरी परतल्यावर काही आठवड्यांनी तिचा मृत्यू झाला. मृत्यूचे कारण दुसरेच दिसत होते, म्हणून तिचे अवयव सहा जणांना दिले. २००५ च्या सुरुवातीस कळले की तिच्या अंगात रेबीज होता, आणि विषाणू भारतातील कुत्र्यांत सापडणाऱ्या जातीचा होता. फुप्फुस, मूत्रपिंड, आणि मूत्रपिंडासह स्वादुपिंड बसविलेले तिघे गेले. बुबुळे बसविलेल्या दोघांची ती काढून लस दिली आणि ते वाचले. यकृत बसविलेला सहावा मनुष्यही वाचला, कारण पुष्कळ वर्षांपूर्वी कधीतरी त्याने रेबीजची लस घेतली होती. आपल्याकडच्या रस्त्यावरचा रोग हजारो मैलांवरच्या तीन घरांत कसा पोचला, ते पाहा.

आपल्या गोंदिया जिल्ह्यात तर कुत्र्याचे चावणे ही नित्याची गोष्ट. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगावकडच्या जंगलालगतच्या गावांत कोल्ह्याचे आणि माकडाचेही चावणे होते. चावल्यावर अजूनही काही घरांत जखमेत तिखट भरतात, चुना लावतात, मंत्र घालून दोरा बांधतात. त्याने विषाणू मरत नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटे धुवावी आणि तडक सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करावी. जखम खोल असेल तर लसीबरोबर जखमेत देण्याचे वेगळे औषधही असते. पोटात चौदा इंजेक्शने घेण्याचे दिवस केव्हाच गेले, आता दंडावर थोडीच घ्यावी लागतात. पण ठरलेल्या तारखांना सगळी पुरी करावी. आणि ज्या घरात कोणाला चावा झाला त्या घराने तो लक्षात ठेवावा. मुलाने मार बसेल म्हणून लपविले, सुनेने कामाचा खोळंबा होईल म्हणून लपविले, असे होऊ देऊ नये.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १९६८ च्या फेब्रुवारीत हृदय बदलण्याची शस्त्रक्रिया केली. देशात ती पहिलीच होती. रोगी काही तासच जगला, पण आपल्या राज्यातील डॉक्टर या विद्येत किती लवकर उतरले हे त्यावरून दिसते. त्याच मुंबईने पुढे या विद्येची वाईट बाजूही पाहिली. १९८० नंतरच्या वर्षांत तेथे गरिबांच्या किडन्या विकत घेऊन श्रीमंतांना बसविण्याचा व्यापार चालला. आखातातून, म्हणजे संयुक्त अरब अमिराती आणि ओमान येथून रोगी येत आणि किडनी विकत घेऊन परत जात. अशा १३० रोग्यांची हकीगत १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये आली. त्यांतले कितीतरी पहिल्या वर्षातच दगावले आणि काहींना एचआयव्हीची लागण झालेली आढळली.

असे का व्हावे? मला जे समजले ते सांगते. पोटासाठी जो किडनी विकायला आला, तो आपला आजार सांगेल काय? सांगितला तर व्यवहार मोडेल. मधला दलाल विचारील काय? त्याला दलाली हवी. बाजारात विकणारा मालाचा दोष झाकतो, देणारा झाकत नाही. आपण शेजारणीला भाजी देताना म्हणतो, “बाई, आज मीठ जरा जास्त पडले आहे.” विकणारी असे म्हणणार नाही. विकलेल्या अवयवात रोगाची भीती असते ती यामुळे. पुढे १९९४ साली अवयव प्रत्यारोपणाचा कायदा झाला आणि ४ फेब्रुवारी १९९५ पासून तो महाराष्ट्रात लागू झाला. अवयव विकणे आणि विकत घेणे दोन्ही गुन्हा ठरले. रक्ताचेही असेच झाले. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणे देशात बंद झाले.

परंतु विक्री बंद झाली म्हणजे धोका संपला असे नाही. २०२२ च्या मे महिन्यात आपल्या नागपुरातून बातमी आली की, थॅलेसेमिया झालेल्या, वरचेवर रक्त घ्यावे लागणाऱ्या चार मुलांना एचआयव्हीची लागण आढळली आणि त्यांतले एक मूल दगावले. ते ऐकून कोणत्या आईच्या पोटात कालवले नसेल? आपल्या जिल्ह्यात सिकलसेलचे रोगी घरोघर आहेत. त्यांनाही वेळोवेळी रक्त लागते. म्हणून अवयवाची गोष्ट ज्यांना लांबची वाटते त्यांनी रक्ताकडे पाहावे. रक्तदानाच्या शिबिरात जो कागद भरून घेतात, त्यावरचे प्रश्न सही उरकण्यासाठी नसतात. शिबिराला माणसे कमी पडतात म्हणून, मित्र काय म्हणतील म्हणून, तापातून नुकता उठलेला किंवा नुकताच गोंदवून घेतलेला मुलगा रांगेत उभा राहतो. त्याला आईने सांगावे, “बाळा, या खेपेला थांब.”

गोंदवून घेण्याचा उल्लेख केला तो मुद्दाम केला. दिवाळीनंतर आपल्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, आणि जत्रांतूनही गोंदणाची यंत्रे घेऊन लोक बसतात. एकाच सुईने दहा जणांना गोंदले तर एकाच्या रक्तातला काविळीचा विषाणू नऊ जणांत जातो. गोंदण हा आपल्या आयाबायांचा दागिना आहे, त्याला मी नावे ठेवीत नाही. नवी सुई मागून घ्या, एवढेच म्हणते.

आता काविळीविषयी, आणि ही गोष्ट माझ्या घरची आहे. माझ्या धाकट्या दिरांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. तीन वर्षे त्यांचे डायलिसिस चालले. शेवटी किडनी बसवायचे ठरले आणि धाकटी जाऊ द्यायला तयार झाली. कायद्याप्रमाणे नवरा-बायको, आईबाप, मुले, भावंडे अशा जवळच्या नात्यात देता येते. रुग्णालयात तिला पुष्कळ प्रश्न विचारले. आम्ही सगळे भोवती बसलो होतो, आणि ती प्रत्येक प्रश्नाला ‘नाही’ म्हणत होती. मग तेथील बाईंनी आम्हाला बाहेर बसविले आणि तिला एकटीला विचारले. तेव्हा तिने सांगितले की, लग्नापूर्वी तिला कावीळ झाली होती. माहेरच्यांनी गळ्यात काविळीची माळ घालून, चुन्याच्या पाण्याने हात धुवून ती ‘उतरविली’ होती. आणि सासरी कधी बोलायचे नाही असे तिला बजावले होते. वीस वर्षे ती बोलली नव्हती.

बाहेर ते कळले तेव्हा सासूबाई चिडल्या. “लग्न जुळविताना लपविले,” असे त्या बोलल्या. माझी जाऊ एवढेच म्हणाली, “आई, तेव्हा लपविले ते माझ्या बापाने. आज मी लपविले तर तुमच्या मुलाच्या पोटात जाईल.” यावर सासूबाई गप्प झाल्या.

डॉक्टरांनी तिचे रक्त पुन्हा बारकाईने तपासले. तेथे आम्हाला कळले की कावीळ सगळी एक नसते. घाण पाण्यातून आणि अन्नातून येणारी ए आणि ई जातीची कावीळ बरी झाली की बहुधा काही मागे ठेवीत नाही. रक्तातून, सुईतून, नवरा-बायकोच्या संबंधातून आणि आईकडून बाळाला जाणारी बी, तसेच रक्तातून जाणारी सी, या मात्र अंगात वर्षानुवर्षे दडून राहू शकतात, आणि वरून काही दिसत नाही. जावेच्या रक्तात बी आणि सी यांचा माग निघाला नाही. पाण्याची कावीळ होऊन गेली होती. शस्त्रक्रिया झाली. दोघे आज आपापल्या पायांवर हिंडतात. भाऊजींना औषधे रोज ठरल्या वेळी घ्यावी लागतात आणि ताप आला तर घरगुती काढ्यावर न थांबता दवाखाना गाठावा लागतो.

ही हकीगत सांगण्यास जावेची परवानगी आहे. ती म्हणाली, “सांगा वहिनी, माझ्यासारख्या पुष्कळ असतील.” आणि खरेच, जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत आपल्या देशात बायकाच अधिक असतात. नवऱ्याला देणारी, मुलाला देणारी, भावाला देणारी. ज्या देणाऱ्या त्यांनाच बोलायचा संकोच. म्हणून हा विषय महिला मंडळाचा आहे.

याहून अवघड प्रसंग मृत्यूनंतरचा. अपघातात डोक्याला मार लागून माणसाचा मेंदू मृत झाला, हृदय मात्र यंत्रावर चालते आहे, अशा वेळी डॉक्टर घरच्यांना अवयवदानाविषयी विचारतात. मेंदू मृत झाल्याचे एकटा डॉक्टर ठरवीत नाही. चार डॉक्टरांचे मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून ठरविते. घरच्यांनी होकार दिला की विदर्भातील अवयव कोणाला जायचे हे नागपूरची विभागीय प्रत्यारोपण समन्वय समिती प्रतीक्षायादीवरून ठरविते. पण त्यापूर्वी प्रश्न येतात. हे दारू पीत होते काय? नशेची सुई घेत होते काय? बाहेर कोणाशी संबंध होता काय? तुरुंगात होते काय? कधी रक्त घेतले होते काय? कुत्रा, माकड, वटवाघूळ चावले होते काय? गेल्या काही महिन्यांत परगावी, परदेशी गेले होते काय?

विचार करा, रात्रीचे दोन वाजले आहेत, कपाळाचे कुंकू जाते आहे, शेजारी सासरे आणि दीर उभे आहेत, आणि परका मनुष्य विचारतो की तुमच्या नवऱ्याचे बाहेर काही होते काय. कोणती बाई खरे सांगेल? ती ‘नाही’ म्हणेल. गेलेल्या माणसाची अब्रू राखण्यासाठी म्हणेल. तिचा दोष नाही. पण त्या ‘नाही’वर विसंबून दुसऱ्या कोणाच्या नवऱ्याच्या अंगात ती किडनी जाणार असते. अशा वेळी त्या बाईने एवढेच म्हणावे, “मला एकटीला विचारा.” हे म्हणण्याचा तिला अधिकार आहे. आणि भोवतीच्या पुरुष मंडळींनी न सांगता बाहेर जावे. खरे सांगितले म्हणजे दान नाकारतीलच असेही नाही. कित्येकदा जादा तपासण्या करून, औषधांची तजवीज करून, घेणाऱ्याला सगळे सांगून, त्याच्या संमतीने अवयव दिला जातो. काविळीच्या सी विषाणूवर तर आता गोळ्यांनी बहुतेक रोगी बरे होतात. आणि नाकारलेच, तरी एका घराचा घात टळला, हेही दानच झाले.

घेणाऱ्याच्या घरानेही भिडेपोटी गप्प राहू नये. दात्याच्या कोणत्या तपासण्या झाल्या, काही धोका सांगण्यासारखा आहे काय, हे विचारावे. नाव-गाव विचारू नये. ते सांगत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

आता मंडळाने काय करावे ते सांगून मी पुरे करते. अर्ज घेऊन घरोघर जाल तेव्हा नुसती सही आणू नका, कारण वेळेला माणूस नसतो आणि निर्णय घरच्यांनाच द्यावा लागतो. म्हणून आपली इच्छा घरात बोलून ठेवावी. दुसरे, प्रत्येक घरात एक वही असावी. तीत कोणाला कधी कावीळ झाली, कोणाला रक्त चढविले, कोणाला कोणते जनावर चावले, लस कोणत्या तारखांना घेतली, एवढे लिहून ठेवावे. दुधाचा आणि किराण्याचा हिशेब आपण ठेवतो, तशी ही आणखी एक वही. तिसरे, लहान बाळाला काविळीच्या बी विषाणूची लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, ती चुकवू नये. घरात डायलिसिसचा रोगी असेल तर त्याच्यासाठी ही लस डॉक्टरांना विचारावी. चौथे, मृत्यूनंतर सहा तासांच्या आत नेत्रपेढीला कळवावे, तोवर पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवावा, पंखा बंद करावा आणि डोके उशीवर थोडे उंच ठेवावे. आणि नेत्रपेढीचे लोक विचारतील त्याला खरे उत्तर द्यावे.

भगिनींनो, अंध माणसाला दृष्टी येते आणि यंत्राला जखडलेला माणूस पुन्हा शेतावर जातो, हे काही लहान काम नाही. भीतीने ते थांबू नये. आणि आंधळ्या विश्वासानेही ते होऊ नये. प्रयोगशाळेतले यंत्र जेवढे पाहू शकते तेवढे ते पाहील. बाकीचे आपल्या घराला ठाऊक असते, आणि घरातले बहुतेक सगळे आपणा बायकांनाच ठाऊक असते. ते वेळेवर बोलावे, एवढीच माझी विनंती आहे.